विकावंसं वाटलेलं पुस्तक

2003 च्या जानेवारीत नाओकी पारितोषिकाच्या परीक्षकांनी जाहीर केलं, की या खेपेला पारितोषिक देण्याजोगं एकही पुस्तक नाही. नाओकी हा जपानच्या लोकप्रिय कथासाहित्यातला सर्वांत मोठा मान. 1935 पासून चालत आलेला आणि वर्षातून दोनदा दिला जाणारा. ज्येष्ठ कादंबरीकार एकत्र बसतात, चर्चा करतात, निर्णय देतात आणि त्या रात्रीपासून देशभरच्या पुस्तकांच्या दुकानांत मांडणी बदलायला लागते. विजेत्या पुस्तकाचे ढीग दारात येतात, एरवी पुस्तकाच्या वाटेला न जाणारी माणसंसुद्धा ते मागायला येतात. त्या जानेवारीत मात्र दारात मांडायला काहीच नव्हतं.

दुकानांतल्या नोकरमंडळींची नाराजी विक्रीपुरती नव्हती. स्पर्धेतल्या पुस्तकांत हिदेओ योकोयामा यांची 'हान्-ओची' ही कादंबरी होती. आजारी बायकोला ठार मारून एक पोलीस अधिकारी स्वतःहून हजर होतो, गुन्हा कबूल करतो, पण मधल्या दोन दिवसांबद्दल तोंड उघडत नाही. वाचक ती कादंबरी मागत होते, दुकानात काम करणाऱ्यांनी ती स्वतः वाचली होती आणि गिऱ्हाइकांच्या हातात आग्रहानं दिली होती. परीक्षकांनी ती बाजूला ठेवली. संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावर पिण्याखाण्याच्या बैठकींत या मंडळींचं एकच बोलणं होतं : आम्हाला विचारलं असतं, तर आम्ही अमुक पुस्तकाला दिलं असतं. 'होन् नो झाश्शी' या पुस्तकांना वाहिलेल्या नियतकालिकाच्या माणसांच्या कानावर हे बोलणं होतंच. त्यांनी आणि दुकानांतल्या काही जणांनी मिळून ठरवलं, की मग विचारूयाच.

त्यातून 'होन्या ताइशो' सुरू झालं. पुस्तकदुकानांचं पारितोषिक. पहिलं 2004 च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं. घोषवाक्य सरळ होतं : देशभरच्या दुकानांतल्या माणसांनी निवडलेलं, सर्वांत जास्त विकावंसं वाटणारं पुस्तक. सर्वश्रेष्ठ पुस्तक ठरवण्याचा दावा त्यात नाही. ज्याच्या हातून पुस्तक विकलं जातं, त्याला कोणतं पुस्तक आपणहून पुढे करावंसं वाटलं, एवढीच नोंद आहे. मला या साऱ्या प्रकारातलं सर्वांत मोठं शहाणपण तिथेच दिसतं.

मत देण्याचा हक्क नव्या पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या कुणालाही आहे. मालक, व्यवस्थापक, आठवड्यातून तीन संध्याकाळ गल्ल्यावर बसणारा विद्यार्थी, सगळे सारखे. लेखक, समीक्षक, प्रकाशक यांना मत नाही. पहिल्या फेरीत प्रत्येकानं वर्षभरातल्या पुस्तकांतून तीन निवडायची आणि का निवडली ते लिहायचं. त्यातून वरची दहा निघतात. दुसऱ्या फेरीत मत द्यायचं, तर ती दहाच्या दहा वाचावी लागतात आणि प्रत्येकावर अभिप्राय लिहावा लागतो. त्यानंतर आपली पहिली तीन सांगायची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला दीड. अलीकडच्या वर्षांत पहिल्या फेरीला सहा-सातशे आणि दुसऱ्या फेरीला चारशेंच्या आसपास माणसं असतात. दिवसभर उभं राहून खोकी फोडायची, पुस्तकं लावायची, परतीची बांधायची, आणि रात्री घरी जाऊन दोन-तीन महिन्यांत दहा जाडजूड कादंबऱ्या वाचायच्या. या वाचनाचा पगार मिळत नाही. नाओकीच्या विजेत्याला दहा लाख येन आणि घड्याळ मिळतं. होन्या ताइशोच्या विजेत्याला पुस्तकं घेण्यासाठी एक लाख येनांचं कार्ड.

या माणसांनी पहिल्याच वर्षी निवडलेलं पुस्तक पाहिलं, की त्यांच्या वाचनाबद्दल आदर वाटतो. योको ओगावा यांची ती कादंबरी इंग्रजीत 'द हाउसकीपर अँड द प्रोफेसर' या नावानं मिळते. 1975 मधल्या मोटार अपघातानंतर एका गणितज्ञाची स्मृती तिथेच थांबलेली आहे. नवी आठवण टिकते फक्त 80 मिनिटं. कोटाला टाचलेल्या चिठ्ठ्यांवर त्याचं जगणं चालतं. घरकामाला येणारी बाई त्याला रोज सकाळी नवी असते. तिच्या दहा वर्षांच्या मुलाचं डोकं वरून सपाट, म्हणून तो त्याला वर्गमुळाच्या चिन्हावरून 'रूट' म्हणतो. 220 आणि 284 या दोन संख्या एकमेकींच्या मित्र कशा, 28 ही परिपूर्ण संख्या का, हे तो त्या दोघांना सांगतो आणि त्या सांगण्यातून एक घर उभं राहतं. खून नाही, प्रेमप्रकरण नाही, शेवटी धक्का नाही. अशा पुस्तकाची जाहिरात कशी करणार? ते कुणीतरी कुणाच्या तरी हातात द्यावंच लागतं. दुकानांतल्या माणसांनी ते दिलं, दोन वर्षांत त्याचा चित्रपट झाला आणि आज तिथल्या एका पिढीनं ते वाचलेलं आहे.

पुढच्या वीस वर्षांची यादी पाहिली, तर तिच्यात कामात रमलेली माणसं वारंवार भेटतात. 2010 मध्ये निवडलेली तो उबुकाता यांची कादंबरी सतराव्या शतकात जपानचं पंचांग सुधारणाऱ्या शिबुकावा हारुमीवर आहे. 2016 मधली नात्सु मियाशिता यांची कादंबरी पियानोचे स्वर जुळवणाऱ्या तरुणाची. आणि 2012 मधली शिओन मिउरा यांची, इंग्रजीत 'द ग्रेट पॅसेज', शब्दकोश करणाऱ्यांची. एका प्रकाशनसंस्थेच्या अडगळीच्या विभागात बसलेली चार-पाच माणसं पंधरा वर्षं एकच कोश करत राहतात. कागद किती पातळ हवा, पान उलटताना ते बोटाला किती धरलं पाहिजे, यावर त्यांचं तासन्‌तास चालतं. ज्या मराठी वाचकाच्या घरी दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड आहेत, त्यानं ही कादंबरी अवश्य मिळवावी. 1932 ते 1938 या काळात ते सात खंड कसे झाले असतील, याची कल्पना करायला ती मदत करते.

दुसरा धागा एकट्या पडलेल्या मुलांचा. 2018 मधल्या मिझुकि त्सुजिमुरा यांच्या कादंबरीत शाळेत जाणं सोडलेली सात मुलं आरशापलीकडच्या एका किल्ल्यात भेटतात. 2021 मधल्या सोनोको माचिदा यांच्या कादंबरीचं नाव 52 हर्ट्झवर गाणाऱ्या देवमाशावरून आहे. त्याचा आवाज इतर देवमाशांना ऐकू येत नाही असं मानतात. मुलांच्या कपाटासमोर रेंगाळणारी, घरी जायला नको असलेली पोरं दुकानातल्या माणसाला रोज दिसतात. परीक्षक मंडळाच्या खोलीत ती दिसत नाहीत. त्या निवडींमागे हे दिसणं आहे, असं मला वाटतं.

होन्या ताइशोच्या आधीपासून जपानी दुकानांत एक रीत आहे. पुस्तकाशेजारी हातानं लिहिलेलं छोटं कार्ड उभं करायचं. तिथे त्याला पॉप म्हणतात. वाचलेल्या माणसानं आपल्या अक्षरात चार ओळी लिहायच्या, कधी कडेला चित्र काढायचं. टेरी के या अमेरिकी लेखकाची 'टु डान्स विथ द व्हाइट डॉग' ही म्हाताऱ्या विधुराची गोष्ट जपानीत आली तेव्हा विशेष कुणी विचारली नव्हती. 2001 मध्ये चिबा प्रांतातल्या नाराशिनो शहरातल्या एका दुकानातल्या कर्मचाऱ्यानं तिच्याजवळ असं कार्ड ठेवलं. त्या दुकानात खप वाढला, प्रकाशकानं तोच मजकूर इतर दुकानांना पाठवला आणि पुस्तक दहा लाखांच्या पुढे गेलं.

मोरिओका हे ईशान्य जपानमधलं शहर, तोक्योपासून बरंच दूर. तिथल्या 'सावाया' या दुकानानं तर असा चमत्कार दोनदा केला. शिगेहिको तोयामा यांचं विचार कसा करावा, टिपणं कशी ठेवावीत यावरचं निबंधांचं पुस्तक 1983 चं. 1986 मध्ये त्याची खिशात मावणारी आवृत्ती निघाली. वीसेक वर्षांत सुमारे 1 लाख 70 हजार प्रती गेल्या होत्या. वाईट खप नव्हता, पण पुस्तक जुन्यात जमा झालं होतं. 2007 मध्ये सावायातल्या एकानं ते वाचलं आणि हे आपण कमी वयात वाचलं असतं तर किती बरं झालं असतं, अशा अर्थाचं कार्ड लिहिलं. विद्यापीठांजवळच्या दुकानांनी ते उचललं. आज त्या पुस्तकाचा खप वीस लाखांच्या पलीकडे आहे. ते कार्ड लिहिलं गेलं तेव्हा लेखक ऐंशीच्या घरात होते.

दुसरी गोष्ट 2016 ची. सावायाच्या मोरिओका स्टेशनच्या इमारतीतल्या शाखेत एका कर्मचाऱ्यासमोर अडचण होती. त्यानं एक पुस्तक वाचलं होतं, ते सगळ्यांनी वाचावं असं त्याला कळकळीनं वाटत होतं, पण नाव आणि मुखपृष्ठ पाहून लोक ते खाली ठेवतील याची त्याला खात्री होती. मग त्यानं संपूर्ण पुस्तकाला कागद गुंडाळला आणि त्या कागदावर मुखपृष्ठभर स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं, की या पुस्तकाची शिफारस कशी करावी हे मला सुचत नाही, तरी तुम्ही ते वाचावं. नाव नाही, लेखक नाही. किंमत 810 येन, पानं पाचशेच्या वर आणि ही कादंबरी नाही, एवढंच सांगितलं होतं. वरून प्लास्टिकचं वेष्टन, म्हणजे उघडून बघायची सोय नाही. बुंको म्हणजे खिशात मावणारी आवृत्ती. 'बुंको एक्स' या नावानं ते मांडलं गेलं.

लोकांनी ते घेतलं. एकाच शाखेतून हजारो प्रती गेल्या. इतर दुकानांनी तो कागद मागवून घेतला आणि जपानच्या 47 च्या 47 प्रांतांत, साडेसहाशेंहून अधिक दुकानांत बुंको एक्स मांडलं गेलं. आणि ज्यांनी विकत घेतलं त्यांनी नाव फोडलं नाही, हे मला सर्वांत विलक्षण वाटतं. 9 डिसेंबर 2016 ला दुकानानंच ते उघड केलं. ते पुस्तक होतं कियोशी शिमिझु या पत्रकाराचं, तोक्योभोवतालच्या कान्तो भागाच्या उत्तरेकडे लहान मुलींना पळवून मारण्याच्या घटनांवरचं. एका खुनासाठी निर्दोष माणसाला जन्मठेप झाली होती. ज्या डीएनए चाचणीवर ती उभी होती, तीच सदोष निघाली आणि 2010 मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. तो सुटला म्हणजे खरा गुन्हेगार मोकळाच आहे, हे शिमिझु पुराव्यांनिशी मांडतात. अशा विषयाचं पुस्तक जत्रेसारख्या उत्साहात खपलं, कारण शिफारस करणाऱ्या माणसानं स्वतःची पत पणाला लावली होती.

होक्काइदो बेटावर सुनागावा नावाचं लहानसं गाव आहे. कोळसा खाणींचे दिवस सरल्यावर तिथली वस्ती घटत गेली. तिथे तोरू इवाता यांचं वडिलोपार्जित पुस्तकांचं दुकान. ते बंद करावं लागेल अशी वेळ आली, तेव्हा त्यांनी 2007 मध्ये एक सेवा सुरू केली. तुम्ही दहा हजार येन द्यायचे, ते तुमच्यासाठी तेवढ्या रकमेची पुस्तकं निवडून पाठवणार. त्याआधी एक प्रश्नावली भरायची. तिला ते डॉक्टरांसारखं 'कार्ते', म्हणजे रुग्णाची नोंद म्हणतात. आजवर वाचलेल्यांतली मनात राहिलेली वीस पुस्तकं लिहा. आयुष्यात आनंदाचा काळ कोणता होता, कष्टाचा कोणता? म्हातारपण कसं जावं असं वाटतं? तुमच्या मते सुख म्हणजे काय? उत्तरं वाचून इवाता यादी करतात, आधी कळवतात, त्यातलं काही वाचलेलं असेल तर बदलतात. सुरुवातीची काही वर्षं मागणी बेताची होती. 2014 मध्ये दूरचित्रवाणीवर हे दाखवलं गेलं आणि अर्जांचा पूर आला. तेव्हापासून सोडत काढावी लागते. त्यांच्या निवडीत ताजी गाजलेली पुस्तकं थोडी आणि जुनी, दहा-वीस-तीस वर्षांपूर्वीची पुष्कळ असतात. माझ्या मते शिफारशीच्या कलेची ही सर्वांत उंच जागा. इथे पुस्तकाआधी माणूस वाचला जातो.

हे सगळं जपानमध्येच इतकं का फोफावलं? तिथल्या व्यापाराची घडण पाहिली, की उत्तर मिळतं. पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि कुठल्याही दुकानाला नव्या पुस्तकावर सूट देता येत नाही. म्हणजे स्वस्त विकून शेजाऱ्याचं गिऱ्हाईक ओढायची वाट बंद. माल येतो तो मुख्यतः निप्पान, तोहान अशा मोठ्या घाऊक वितरकांकडून, आणि न खपलेला परत पाठवता येतो. वर्षाला सुमारे 70 हजार नवी पुस्तकं निघतात, म्हणजे दिवसाला दोनशेच्या आसपास. खोकं येतं, उघडतं, काही आठवड्यांत त्यातलं बरंच परत जातं. त्या लोंढ्यात एखादं पुस्तक धरून ठेवायचं, तर कुणीतरी म्हणावं लागतं, की हे परत पाठवायचं नाही. ते म्हणणारा माणूस दुकानात उभा असतो. किमतीत फरक नाही, मालात फरक नाही, मग उरतो तो या माणसाच्या वाचनाचा फरक.

तरीही दुकानं वाचलेली नाहीत. 2003 मध्ये वीस हजारांवर असलेली संख्या वीस वर्षांत अकरा हजारांच्या आत आली आणि साधारण चारातल्या एका नगरात आज पुस्तकाचं दुकान नाही. होन्या ताइशोवर टीकाही होते आणि ती खोटी नाही. 2006 मध्ये निवडलेलं लिली फ्रँकी यांचं 'तोक्यो टॉवर' आधीच तडाखेबंद खपत होतं. त्याला पारितोषिकाची गरज काय होती? 2017 मध्ये रिकु ओंदा यांच्या पियानो-स्पर्धेवरच्या कादंबरीला नाओकी आणि होन्या ताइशो दोन्ही मिळाले, तेव्हा मग वेगळं पारितोषिक कशाला, असंही विचारलं गेलं. शेकडो माणसांची मतं मोजली, की सगळ्यांनी वाचलेलं पुस्तक वर येणार हे उघड आहे. त्यावरचा उतारा त्यांच्याकडेच आहे. जुन्या पुस्तकांसाठी 'शोध' नावाचा वेगळा विभाग आहे. कितीही वर्षांपूर्वीचं, विस्मरणात गेलेलं एक पुस्तक सुचवायचं. 2022 मध्ये तिथे आकिरा योशिमुरा यांची 1982 मधली कादंबरी पुढे आली. इंग्रजीत ती 'शिपरेक्स' नावानं आहे. समुद्रकाठचं उपाशी गाव रात्री मिठाच्या भट्ट्या पेटवून जहाजांना खडकांवर ओढतं, फुटलेल्या जहाजांतला माल लुटून जगतं. एकदा येणारं जहाज मालाऐवजी देवीची साथ घेऊन येतं. करोनाच्या काळात कुणाला तरी हे चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक आठवलं. मला मुख्य पारितोषिकापेक्षा हा विभाग अधिक मोलाचा वाटतो.

आता आपल्याकडे वळतो. एक जपानी पुस्तक मराठी घरांत पोचलं आहे, तेत्सुको कुरोयानागी यांचं 1981 चं 'तोत्तोचान'. नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेला, चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला अनुवाद वर्षानुवर्षं शिक्षक आणि नवे आईबाप विकत घेत आले आहेत. मोठी जाहिरात त्याच्या वाट्याला आली नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून ते घेतलं गेलं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' 1981 चंच. त्याच्या आवृत्त्यांमागे आवृत्त्या निघाल्या त्या असंच एकानं दुसऱ्याला सांगितल्यामुळे. मिलिंद बोकील यांची 2004 मधली 'शाळा'ही चित्रपट येण्याआधीच हातोहात फिरली होती.

सांगणारी माणसं आपल्याकडे होती आणि आहेत. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये स्ट्रँड चित्रपटगृहात एका छोट्या जागेत पुस्तकं विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवून पुस्तक काढून ठेवणारा विक्रेता म्हणून त्यांची ख्याती झाली, 2003 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते दुकान बंद झालं. ग्रंथालीनं सत्तरच्या दशकात वाचक चळवळ म्हणून काम सुरू केलं, दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये काढलं, ग्रंथयात्रा नेल्या. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा दादरला काउंटरवर उभ्या असलेल्या काकांना अर्धवट नाव आणि चुकीचा लेखक सांगा, ते बरोबर पुस्तक काढून देतात. बोलायला वेळ असला तर त्याच विषयावरचं आणखी एक पुढे सरकवतात, आणि बहुधा तेच आपण पहिल्यापेक्षा अधिक आवडीनं वाचतो. तीस-तीस वर्षं या कामात घालवलेल्या या माणसांचं नाव पुस्तकाच्या ऋणनिर्देशात नसतं, परिसंवादाच्या पत्रिकेवर नसतं. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात ती गाळ्यात तीन दिवस उभी असतात आणि मांडवात मराठी वाचक कुठे गेला यावर चर्चा चालू असते. मराठी वाचक कुठे आहे, काय मागतो, काय चाळून परत ठेवतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना आपण मंचावर बोलावत नाही. ही आपली मोठी चूक आहे, असं मी स्पष्टच म्हणतो.

त्यांचं ज्ञान बोलण्यात विरून जातं, कागदावर येत नाही. माझ्या पाहण्यातल्या मराठी दुकानांत 'नवीन', 'गाजलेली', 'पुरस्कारप्राप्त' अशी कपाटं आहेत. 'आमच्याकडे काम करणाऱ्यांना आवडलेली' असं कपाट मला दिसलेलं नाही. त्याला खर्च नाही. एक फळी, पाच पुस्तकं, प्रत्येकाजवळ हातानं लिहिलेल्या चार ओळी आणि खाली लिहिणाऱ्याचं पहिलं नाव.

मराठी प्रकाशक परिषदेनं, विक्रेत्यांनी, एखाद्या मासिकानं पुढाकार घ्यावा. नियम नव्यानं करायची गरज नाही. महाराष्ट्र, गोवा, बेळगाव, बडोदा, इंदूर इथल्या मराठी पुस्तकांच्या दुकानांत काम करणाऱ्या प्रत्येकाला तीन पुस्तकं विचारा आणि का ते लिहून मागा. वरची दहा सगळ्यांनी वाचावीत, मग मत द्यावं. प्रकाशकांनी आपल्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांवर आपल्याच पुस्तकांसाठी दडपण आणू नये, ही अट आपल्याकडे पहिल्या ओळीत लिहावी लागेल. सोबत जुन्या पुस्तकांचा विभाग हवाच. गेल्या तीस-चाळीस वर्षांतली, आवृत्ती संपल्यावर पुन्हा न निघालेली कितीतरी मराठी पुस्तकं या लोकांच्या डोक्यात आहेत. विजेत्याला द्यायला मोठी रक्कम नसली तरी चालेल. निकाल गुढीपाडव्याला लावावा.

तोवर वाचकांनी एक करावं. दिवाळीच्या खरेदीला पुस्तकांच्या दुकानात जाल, तेव्हा यादीतली पुस्तकं घेऊन झाल्यावर काउंटरवरच्या माणसाला विचारा, की अलीकडे तुम्ही स्वतः काय वाचलंत आणि मी काय वाचावं. ते जे पुस्तक देतील, ते विकत घ्या.